फुकट काय, विकत काय? ऑनलाइन शिक्षणाबद्दलचे काही गैरसमज

‘फुकट ते पौष्टिक’ हे आपण एरवी सगळीकडे मानतो. ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की मात्र उलटं होतं. लग्नात मिळालेली पिशवीसुद्धा जपून ठेवणारी माणसं, आयआयटीच्या प्राध्यापकांची अख्ख्या सत्राची व्याख्यानं फुकट आहेत म्हटलं की विचारतात, ‘मग त्यात काय दम असणार?’

दम आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांना खुलं करायचं २००१ साली जाहीर केलं. गिल्बर्ट स्ट्रँग तिथल्या वर्गात फळ्यावर जे रेषीय बीजगणित शिकवत, तेच तुम्हाला घरबसल्या बघता येतं. आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ऑनलाइन व्याख्यानांचं ‘एनपीटेल’ सुरू केलं ते केंद्र सरकारच्या पैशातून. म्हणजे त्याची किंमत आपल्या करातून आधीच चुकती झाली आहे. माल आपलाच आहे, उचलायला संकोच कसला?

‘हे सगळं इंजिनिअरांसाठी असतं’ हाही असाच एक पक्का समज. एनपीटेलवर तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र यांचे कोर्स आहेत. येल विद्यापीठाच्या खुल्या अभ्यासक्रमांत डोनाल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीसचा इतिहास पूर्ण ऐकायला मिळतो. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं ‘ओपनलर्न’ २००६ पासून चालू आहे आणि विज्ञानापासून इतिहास, कला, समाज इथपर्यंतचे छोटे कोर्स तिथे फुकट आहेत. केंद्राच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर तर शालेय विषयांपासून पदव्युत्तर विषयांपर्यंत सगळं एकाच छपराखाली आलं आहे.

खरा घोळ होतो तो सर्टिफिकेटचा. व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो ‘फ्री सर्टिफिकेट कोर्स’ असा, आणि मुलं तो शब्दशः घेतात. एनपीटेलवर नाव नोंदवायला, व्हिडिओ बघायला, दर आठवड्याची असाइनमेंट सोडवायला दमडी लागत नाही. पैसे लागतात ते परीक्षेला. विषयामागे साधारण १००० रुपये फी, आणि पेपर द्यायचा तो ठरलेल्या केंद्रावर जाऊन. गुणांची विभागणीही बारकाईने बघण्यासारखी आहे: असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. पास होण्यासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, असे दोन्हीकडे वेगवेगळे गुण लागतात. त्यामुळे असाइनमेंटकडे ढुंकूनही न बघणाऱ्याने परीक्षेत पैकीच्या पैकी आणले, तरी सर्टिफिकेट हाती येत नाही. दिलासा एवढाच की आठ आठवड्यांच्या कोर्सात सर्वांत चांगल्या सहाच असाइनमेंट धरतात, बारा आठवड्यांच्या कोर्सात आठ. गणपतीला गावी गेलात आणि एखादी राहिली, तर आभाळ कोसळत नाही. एमआयटीच्या खुल्या साहित्याला मात्र सर्टिफिकेट नाहीच. तिथे शिकायचं आणि उठायचं.

‘असल्या सर्टिफिकेटला कोण विचारतं?’ हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सरसकट देता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ‘स्वयम्’वरून (एनपीटेलचे कोर्सही त्यातच येतात) पूर्ण करता येतो आणि त्याची क्रेडिट पदवीत धरली जातात. मात्र कोणता कोर्स चालेल हे तुमच्या संस्थेने आधी मंजूर केलेलं असावं लागतं. आधी कोर्स करायचा आणि मग क्रेडिट मागायला जायचं, हे वरातीमागून घोडं झालं. विभागप्रमुखांना नोंदणीपूर्वीच विचारा. आणि एखाद्या कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे, हेही तेवढंच खरं.

आता जरा कडू बाजू. व्हिडिओ बघितला म्हणजे विषय आला, असं आपल्याला फार लवकर वाटतं. एमआयटी आणि हार्वर्डच्या ‘एडएक्स’ या ऑनलाइन मंचावरील कोर्सांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी कोर्स उघडूनसुद्धा बघितला नव्हता! शेवटपर्यंत पोचणारे तर शेकड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यावरून ऑनलाइन शिक्षण कुचकामी ठरवायचं कारण नाही. नुसतं नाव घालायला काहीच लागत नाही, म्हणून लोक घालून ठेवतात.

इंग्रजीचा अडसर खरा आहे, पण वाटतो तेवढा उंच नाही. आयआयटी मुंबईचे सॉफ्टवेअर शिकवणारे ‘स्पोकन ट्युटोरियल’ व्हिडिओ घ्या. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीत, निवेदन मराठीत. व्हिडिओ थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तीच कृती स्वतः करायची, मग पुढे जायचं. पुण्याच्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आणि टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करायचे व्हिडिओ मोफत आहेत. मराठी विश्वकोशही पूर्ण खुला आहे. मात्र त्याचा पहिला खंड १९७६ चा, तेव्हा विज्ञानाची नोंद वाचताना ती कधीची आहे ते बघा. इतिहास, कला यांचे असाइनमेंट-परीक्षेसकट बांधलेले उच्च स्तरावरचे मराठी कोर्स मात्र अजून फार थोडे आहेत. ही उणीव विद्यापीठांनीच भरून काढायला हवी.

घरी धड नेट नसेल, तर ‘स्वयम् प्रभा’च्या वाहिन्या टीव्हीवर लागतात आणि एकच पाठ दिवसातून अनेकदा दाखवतात.

एनपीटेलची सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. नाव नोंदवा, पहिल्या दोन असाइनमेंट वेळेत देऊन बघा, आणि परीक्षेची फी भरायची की नाही ते त्यानंतर ठरवा.