जुनी गाडी, खारी हवा

जुनी मोटार घरच्या शेडमध्ये उभी करून शनिवार-रविवारी ती सवडीने पुन्हा चालती करायची, तर फार साधनसामग्री लागत नाही. पक्के छप्पर, कोरडी जमीन, विजेची जोडणी आणि गाडीभोवती माणूस हात चालवू शकेल एवढी मोकळी जागा पुरते. पनवेल तालुक्यातल्या गव्हाणसारख्या गावात ही जागा मिळू शकते. शेजारच्या उलवे नोडमधल्या इमारतींत पार्किंगचे पट्टे आखलेले असतात. गावातल्या घराला मात्र अंगण असले, की पत्र्याची शेड घालता येते. अडचण असते ती हवेची. खाडीकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे इथे जुन्या गाडीचे काम म्हणजे आधी गंजाचे काम.

मुंबई परिसरात अशा कामासाठी दोन गाड्यांची नावे सहज पुढे येतात. पहिली प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात हीच गाडी पद्मिनी झाली. दुसरी महिंद्राची जीप. कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिथून तिची परंपरा चालत आली.

दोघींच्या बांधणीत मोठा फरक आहे. जीपला स्वतंत्र चासी असते. नटबोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि कुजलेला पत्रा निवांत बदलता येतो. पद्मिनीत चासी वेगळी नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखालची पट्टी किंवा फरशीचा पत्रा गंजला, तर नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणाच कमकुवत होतो. म्हणून पद्मिनी घेताना बोनेट उघडण्याआधी पायदाण उचलून पाहावे. दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) खिळे जिथे बसतात ती जागा बारकाईने तपासावी. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले, तर जिथे ते पकड सोडते तिथे रंगाखाली पुट्टीचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘लांबी’चा, जाड थर असतो.

पत्र्याइतकीच कागदपत्रे महत्त्वाची. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. पनवेलच्या आरटीओ (एमएच-४६) कार्यालयात गाडी उभी करण्याआधी चासी आणि इंजिनाचे क्रमांक आरसी बुकाशी जुळवून घ्यावेत. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद नसेल, तर पुढचे सगळे काम अडते. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगा फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो. मात्र ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात पत्र्यापासून करावी. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पाण्यात मीठ असले की त्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि ही क्रिया झपाट्याने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंग आतून फुगतो. दिसणारा फोड हा आतल्या कुजीचा शेवटचा टप्पा असतो. त्यावर रंग मारून उपयोग नाही. तार-ब्रशने आणि ग्राइंडरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे, सच्छिद्र झालेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी आणि पेट्रोलची टाकी काढलीच पाहिजे. उघडा पत्रा पुढच्या शनिवारपर्यंत तसाच ठेवू नये; दमट हवेत त्यावर लगेच लाली चढते. जेवढे घासले, तेवढ्यावर त्याच दिवशी प्रायमर मारावा. दारांच्या आणि पट्ट्यांच्या तळाशी पाणी निथळण्याची भोके असतात, ती मातीने बुजलेली असली तर मोकळी करून आतल्या पोकळीत मेणयुक्त तेल फवारावे. शेवटचा रंग दिवाळी ते मे या काळातच द्यावा. पावसाळी दमट हवेत त्यावर पांढरट झाक येऊ शकते.

नंतर इंजिन. पद्मिनीचे १,०८९ सीसीचे, कार्ब्युरेटरवर चालणारे चार सिलिंडरचे इंजिन साध्या पान्यांनी उघडते. बरीच वर्षे बंद असलेल्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग पुलीवर पाना लावून हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले तरच पुढे जावे. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकी, पंप आणि कार्ब्युरेटर धुवावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर खाते आणि हवेतला ओलावा शोषते. त्यामुळे नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे बसवावेत.

इंजिनाचा आवाज ऐकून गाडी गल्लीत काढण्याचा मोह होतो, पण त्याआधी ब्रेक. चाकांमधले सिलिंडर, नळ्या आणि तेल, सगळे बदलावे. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे ती धूळ हवेने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली शिरू नये, स्टँड लावावेतच. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सुट्ट्या भागांसाठी कुर्ला, मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याची नाना पेठ पालथी घालावी लागते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे भाग अनेक वर्षे गल्लोगल्ली मिळत. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि तो मोठा आधार गेला. म्हणून गाडी खोलताना एकही तुकडा टाकू नये. प्रत्येक भागाचा फोटो काढून नटबोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत ठेवावेत.

नवशिक्याने गाडी निवडताना एक हिशेब पक्का ठेवावा. बिघडलेले इंजिन दुरुस्त होते, फाटलेल्या सीटही शिवता येतात. पण खाडीकाठी आतून कुजलेला सांगाडा सुट्टीच्या दिवसांच्या भरवशावर सरळ होत नाही. बंद पडलेली पण निरोगी पत्र्याची गाडी घ्यावी, चालणारी गंजकी गाडी सोडून द्यावी.