जाड कापड घ्या म्हणजे शीड टिकेल?

डोलकाठीच्या पोटात गुंडाळलं जाणारं मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, बव्हेरिया, बेनेटो यांसारख्या युरोपीय क्रूझिंग बोटींवर सर्रास दिसतं. ते बदलायची वेळ आली की धक्क्यावरून एकच सल्ला येतो : ‘कापड जाड घ्या, टिकेल.’ हा सल्ला ऐकून ऐकून कान किटले आहेत. शीड डोलकाठीत न गुंडाळणाऱ्या बोटीला तो एकवेळ चालेल. इथे शिडाला डोलकाठीच्या पोकळीत मावायचं असतं आणि ती पोकळी वाढत नाही.

हिशेब करून पाहा. समजा, शिडाची खालची कड साडेचार मीटर, कापड 0.4 मिलिमीटर आणि आतला दांडा 30 मिलिमीटर. गुंडाळी घट्ट बसली तर तिचा व्यास साधारण 56 मिलिमीटर होतो. कापड 0.5 केलं तर 61. म्हणजे नुसत्या जाडीने पाच मिलिमीटर खाल्ले. पण तेच पातळ कापड सैल गुंडाळलं गेलं आणि थरांत एक तृतीयांश हवा राहिली, तर व्यास थेट 66 वर जातो! जाड, कडक कापड मुळात घट्ट गुंडाळलं जात नाही, म्हणून त्यात दोन्ही तोटे एकदम पदरात पडतात. शिवाय शिवणी आणि कोपऱ्यावरचे दुहेरी-तिहेरी थर वेगळेच.

जुनं शीड अडकतं तेही बहुधा गुंडाळी घट्ट न बसल्यानेच. डेक्रॉनचं कापड ताणलं जाऊन मधे पोट सुटतं, त्या पोटाच्या चुण्या पडतात आणि चुणी डोलकाठीच्या फटीत अडकते. दोष यंत्रणेचा समजून लोक विंच आणखी पिळतात आणि कापड फाडून घेतात. अहो, विंच थांबवा, थोडं शीड परत बाहेर काढा, बूमची, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याची, उंची तपासा!

म्हणून सेलमेकरला कापडाचं वजन विचारून भागत नाही. विणीचा घट्टपणा विचारा. सैल विणीला रेझिनने आणलेला ताठरपणा वापराने मोडतो आणि कापड मऊ पडून ताणू लागतं. ते जाड होतं म्हणून वाचत नाही.

शिडात उभ्या बॅटन (ताठ पट्ट्या) घातल्या की मागची कड थोडी बाहेर काढता येते, क्षेत्रफळ वाढतं. पण त्या फटीला समांतर बसल्या नाहीत तर तिथेच अडतात. लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेलं कापड, नेहमीच सरस, हेही खरं नाही; थर सुटू शकतात, आत बुरशी धरते. उन्हापासून बचावाची पट्टी मात्र हवीच, कारण गुंडाळल्यावरही मागचा कोपरा बाहेर डोकावतो.

माप जुन्या शिडावरून देऊ नका, ते ताणलेलं असतं. डोलकाठी आणि बूम मोजा, पुढच्या कडेच्या टेपची जाडी डोलकाठी बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीशी ताडून पाहा. तिथे एक मिलिमीटर जास्त झाला तरी शीड खाचेत चढेनासं होऊ शकतं.