सपाट छतावरील प्रसरण सांधा आणि डांबरी मेम्ब्रेन

प्रस्तावना :
लांब इमारत अखंड न बांधता मध्ये फट ठेवून स्वतंत्र भागांत बांधली जाते. या फटीस 'प्रसरण सांधा' असे म्हणतात. आयएस 456 : 2000 या भारतीय मानकानुसार 45 मीटरपेक्षा अधिक लांबीच्या इमारतींत सामान्यतः असे एक वा अधिक सांधे योजले जातात. महाविद्यालयांच्या लांब व्हरांड्यांत छतावरील ही सरळ रेघ अनेकांनी पाहिलेली असते. पावसाळ्यात तेथून पाणी गळू लागले की तिला तडा समजून सिमेंटने बुजविण्यात येते. वस्तुतः तो तडा नसून इमारतीच्या हालचालीसाठी हेतुतः राखलेली जागा असते.

हालचालीचे प्रमाण :
तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास काँक्रीट दर मीटरमागे सुमारे 0.01 मिलिमीटर प्रसरण पावते. म्हणजेच 30 अंशांच्या फरकाने 45 मीटर लांबीचा भाग सुमारे 13.5 मिलिमीटरने वाढतो. तो दोन्ही टोकांकडे सारखाच सरकतो असे मानले, तर समान लांबीच्या दोन लगतच्या भागांमधील फटीतही तेवढाच फरक पडू शकतो. छताचा सर्व भाग एकसारखा तापत नसल्याने प्रत्यक्ष हालचाल काहीशी कमी असते. परंतु ती रोज घडते.

मेम्ब्रेन का फाटते? :
फटीवरून सपाट अंथरून दोन्ही बाजूंस पूर्ण चिकटविलेल्या मेम्ब्रेनचा केवळ फटीवरील अरुंद पट्टाच ताणला जातो. 20 मिलिमीटरची फट 30 मिलिमीटर झाल्यास त्या पट्ट्यावर 50 टक्के ताण येतो. फट आकसली की तोच पट्टा दुमडतो. ऊन व हवेमुळे डांबर कालांतराने कडक होते आणि मेम्ब्रेन नेमके तेथेच फाटते. जाड थर दिल्याने हा दोष दूर होत नाही.

योग्य रचना :
1. फटीच्या दोन्ही बाजूंस सुमारे 150 मिलिमीटर उंचीचे कट्टे बांधावेत व छतावरील मेम्ब्रेन त्यांवर चढवावी, म्हणजे सांधा पाण्याच्या पातळीच्या वर राहतो.
2. फटीत दबणारा फोम ठेवून त्यावर मेम्ब्रेनची स्वतंत्र पट्टी सैल वळण देऊन बसवावी.
3. वरील धातूचे आच्छादन एकाच बाजूस पक्के करावे. दोन्हीकडे पक्के केल्यास सांधा जखडला जातो.
4. ब्रिकबॅट कोबा, लाद्या व कठडा यांतही सांधा त्याच रेषेत सलग ठेवावा.
5. छताचा उतार सांध्यापासून दूर असावा.

निष्कर्ष :
प्रसरण सांध्याची गळती हा केवळ जलरोधक थराचा नव्हे, तर रचनेचाही प्रश्न आहे. सिमेंटने बुजविलेली फट पुढील उन्हाळ्याअखेर पुन्हा उघडते आणि खालील वर्गखोली किंवा ग्रंथालय पहिल्याच पावसात भिजते. म्हणून दुरुस्तीस मंजुरी देण्यापूर्वी सांधा हलण्यास मोकळा राहील काय, हे प्रथम तपासणे आवश्यक ठरते.