दर्यापारचे करार

सकाळी ६. रात्री अमेरिकेहून आलेला मसुदा उघडते. समोरच्या वकिलाने लाल अक्षरांत केलेले बदल वाचताना आधी नुकसानभरपाईची मर्यादा बघायची. तीच काढून टाकली असेल तर बाकीची पानं कितीही गोड असोत, एका चुकीपायी माझ्या अशिलाच्या छोट्या कंपनीचं दिवाळं निघेल. आज काढलीच होती. परत घातली.

१०.३०. सिंधुदुर्गात, भरडावरचं ऑफिस. गावी परतून पुण्याच्या कंपनीला सॉफ्टवेअर लिहून देणारा मुलगा आलाय. पगारावर नाही, कंत्राटावर. बिलं थकलीत, आणि कंपनी म्हणते, कोड आमचा.

"कोड मियां लिवलंय, मगे तो माझोच मां?"

बराचसा त्याचाच. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं. कंत्राटदाराचं मात्र लेखी हस्तांतरण झाल्याशिवाय त्याचंच राहतं. त्याच्या करारात 'सर्व हक्क कंपनीचे' एवढंच वाक्य आहे. मुदत नाही, प्रदेश नाही. अशा वेळी कलम १९ लागतं: मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनी तोच कोड जर्मनीत विकतेय. दाव्याची घाई नको. हे कलम दाखवणारं साधं पत्र आधी जाऊ दे.

१. "जेवक ये मगे," आई दारातून. बांगड्याचं तिखलं.

२.३०. लंडनला सकाळचे दहा, तिथल्या कंपनीशी करारावर बोलणं. तिच्या ग्राहकांची माहिती पुण्यात हाताळायची आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात परदेशी लोकांच्या अशा कंत्राटी कामाला बरीच सूट आहे, म्हणून सगळे निवांत. पण माहिती सुरक्षित ठेवण्याचं बंधन सुटत नाही, आणि त्यातल्या कसुरीला दंड २५० कोटींपर्यंत. हे समजावण्यातच तास जातो. मग काम संपल्यावर डेटा परत कसा द्यायचा, पुढे काम घेणाऱ्या नव्या कंपनीला ते शिकवण्याचे पैसे कोणी द्यायचे? दोन्हीकडे गोडी आहे तोवरच हे लिहून घ्यावं. वितुष्ट आल्यावर कोणी सही करत नाही.

५. उद्याचं कोल्हापूरचं काम. उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५पासून सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सिंधुदुर्गातल्या पक्षकाराला हा फार मोठा दिलासा आहे.

रात्री ८. त्या मुलासाठी पुढच्या कंत्राटाचा नमुना मराठीत लिहिते. त्याच्यासारखी परतलेली मुलं इथे आणखीही आहेत, आणि कंपनीने पाठवलेल्या कागदावर ती न वाचता सही करतात. मुदत लिहिली, प्रदेश लिहिला. तिसरं कलम ठळक केलं: पूर्ण पैसे मिळाल्यावरच कोडचे हक्क कंपनीकडे जातील.