कॉलेजचा कागद आणि आपली मुले

बारावीचे निकाल लागून कॉलेजचे प्रवेश झाले की आमच्या विहारात संध्याकाळी फॉर्म भरून घ्यायला मुलांची गर्दी होते. मी पडलो कारकून, त्यामुळे ते काम माझ्याकडे. मागच्या वर्षी कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीतली एक मुलगी वेगळाच कागद घेऊन आली. घरात आधी कोणी पदवीधर आहे का, अभ्यासाला स्वतंत्र जागा आहे का, शिकताना नोकरी करावी लागेल का, इंग्रजीची भीती वाटते का, असे वीस-पंचवीस प्रश्न. तिचे वडील नाक्यावर उभे राहून मजुरी मिळवतात. तिने हळूच विचारले, "काका, वडिलांच्या रकान्यात 'नोकरी' लिहिले तर चालेल का?"

तिची भीती खोटी नव्हती. नव्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून कोण टिकेल, कोण गळेल याचा अंदाज बांधणे अमेरिकेत जुने आहे. अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९६६ साली असे देशव्यापी सर्वेक्षण सुरू केले. शाळेतल्या गुणांवरून काही अंदाज येतो, हे त्यांना दिसले. पण जो कॉलेजात रमतो, शिक्षकांना भेटतो तो टिकतो आणि बाहेर पूर्णवेळ राबणारा गळतो, हेही दिसले. म्हणजे निम्मी जबाबदारी कॉलेजची.

त्याच अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठात, २०१५ साली नव्या मुलांकडून असाच कागद भरून घेतला. कोणतेही उत्तर चूक नाही, असे मुलांना सांगितले. अध्यक्षांचा बेत मात्र वेगळा होता. पटसंख्या सरकारला कळवण्याआधीच वीस-पंचवीस कच्ची मुले घरी धाडायची, म्हणजे गळतीचा आकडा कमी दिसेल! प्राध्यापकांनी विरोध केला, विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने जानेवारी २०१६ मध्ये प्रकरण उघड केले आणि फेब्रुवारीअखेर अध्यक्षांना जावे लागले.

आता बाबासाहेबांचाच कागद भरून पाहा. १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण. राहायला परळच्या चाळीत एक खोली. ती झोपली की रामजीबाबा रात्री दोनला मुलाला अभ्यासाला उठवायचे. कोणत्याही हिशेबाने हा विद्यार्थी 'गळणार' याच यादीत गेला असता. एल्फिन्स्टनमध्ये प्रा. म्युलर यांनी त्यांना पुस्तके दिली, कपडे दिले. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावे म्हणून. मुलाची अडचण कळल्यावर वेळापत्रक बदलायचे, मुलाला काढायचे नाही.

म्हणून आईवडिलांना माझे सांगणे आहे, कागद खरा भरा. पण कॉलेजात जाऊन विचारा की, या माहितीचे तुम्ही काय करणार? तो कोण वाचतो? इंग्रजीची भीती लिहिली तर जादा तास मिळणार का? वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेचा अर्ज भरायला कोणी मदत करणार का? आपण विचारायला लाजतो, तिथेच बिघडते.

त्या मुलीने वडिलांच्या रकान्यात 'नाका कामगार' लिहिले. स्वतंत्र जागेपुढे 'नाही' लिहून ती थांबली, आणि खाली आपणहून एक ओळ जोडली: "रात्री आठ ते अकरा विहारात बसते."