गुणांची फाइल गेली कुठे?

शाळेतला जुना संगणक विंडोजवर फारच रखडत चाले. म्हणून मुलांनी तो सीडीवरून 'पपी लिनक्स' घालून सुरू केला. बॅरी कॉलर यांनी ऑस्ट्रेलियात २००३ साली सुरू केलेली ही प्रणाली एवढी छोटी, की ती संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये मावते. नववीच्या बाईंनी दुपारभर बसून गुण भरले, फाइल पेन ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि संगणक बंद केला. घरी जाऊन पाहतात तर पेन ड्राइव्हवर फाइल नाही! पेन ड्राइव्ह बिघडला, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. तो ठणठणीत होता.

विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हला सी, डी, ई असे वेगळे अक्षर मिळते. लिनक्समध्ये सर्व फोल्डरांचे मिळून एकच झाड असते. नवा ड्राइव्ह त्या झाडाच्या एखाद्या फोल्डरवर कलमासारखा बांधावा लागतो. यालाच 'माउंट करणे' म्हणतात. पपीमध्ये ड्राइव्हच्या चित्रावर क्लिक केले की हे काम होते.

आता गंमत पाहा. कलम सोडवले, तरी खालचे फोल्डर त्याच नावाने रिकामे उरू शकते. आमच्याकडे मधल्या सुटीत कोणीतरी ड्राइव्ह सोडवला होता. बाईंनी फाइल ठेवली ती या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रॅममध्ये. लिनक्सच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती, त्यामुळे तक्रारही आली नाही. बंद करताना पपी 'काम जतन करू का?' असे विचारते. तिथे 'नाही' म्हटले गेले. गुण वहीवरून पुन्हा भरावे लागले.

संगणक चालू असेपर्यंत मात्र अशी फाइल सापडते. वर्गात हा प्रयोग जरूर करा. एका रिकाम्या फोल्डरमध्ये एखादी फाइल ठेवा आणि त्याच फोल्डरवर पेन ड्राइव्ह माउंट करा. तुमची फाइल दिसेनाशी होईल! ती पुसली गेलेली नाही. टेबलावर चादर पसरावी तशी झाकली गेली आहे. ड्राइव्ह सोडवला की पुन्हा दिसेल. कोणता ड्राइव्ह कुठे जोडला आहे हे पाहायचे असेल, तर टर्मिनलमध्ये 'डीएफ' ही दोन इंग्रजी अक्षरे टाइप करा. यादीत पेन ड्राइव्ह नसेल तर फाइल ठेवू नका.

कधी याच्या उलट होते. विंडोजची हार्डडिस्क उघडते, फाइली वाचता येतात, पण लिहिता येत नाही. विंडोज ८ पासून (२०१२) 'शट डाउन' केल्यावर विंडोज बहुधा पुरती बंद होत नाही, अर्धवट झोपते आणि डिस्कचा हिशेब उघडाच ठेवते. दुसऱ्याच्या उघड्या वहीत खाडाखोड नको, म्हणून लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडते. इथे जबरदस्ती करू नये. विंडोज सुरू करून 'रीस्टार्ट' निवडावे, म्हणजे ती नीट बंद होते. मग लगेच सीडीवरून पपी सुरू करावी.

आणि पेन ड्राइव्ह उपसण्याची घाई नको. लिहिलेला मजकूर काही वेळ रॅममध्येच थांबलेला असतो. ड्राइव्ह अनमाउंट करताना तो पुरता उतरवला जातो.