जैव डीझेलनिर्मिती : तेलातील अशुद्धी व उत्प्रेरक

वनस्पतिज तेल अथवा प्राणिज चरबी यांची मिथेनॉलाशी विक्रिया केल्यास वसाम्लांची मिथिल एस्टरे, म्हणजेच जैव डीझेल, मिळते. ग्लिसरॉल हा उपपदार्थ होय. या विक्रियेसाठी सामान्यतः सोडियम हायड्रॉक्साइडासारखा क्षारकीय उत्प्रेरक (विक्रियेचा वेग वाढविणारा, पण स्वतः खर्च न होणारा पदार्थ) वापरतात. तेल अशुद्ध असल्यास मात्र हा उत्प्रेरकही खर्ची पडतो.

मुक्त वसाम्ले : यांच्याशी संयोग पावून उत्प्रेरकाचा साबण बनतो. १०० किग्रॅ. तेलास १ किग्रॅ. सोडियम हायड्रॉक्साइड घेतले व तेलात १% मुक्त ओलेइक अम्ल असले, तर सु. ०·१४ किग्रॅ. उत्प्रेरक वाया जातो. ७% असल्यास जवळजवळ सर्वच. लॉरिक अम्लाचा रेणुभार कमी (२००, ओलेइक अम्लाचा २८२) असल्याने तेवढ्याच वजनाचे लॉरिक अम्ल सु. ०·२० किग्रॅ. उत्प्रेरक नष्ट करते. खोबरेलात हेच अम्ल प्रमुख असते. साबणामुळे पायस बनून ग्लिसरॉल वेगळे करणेही कठीण होते.

रत्नागिरीजवळील भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे (स्थापना १९५५). तेथल्यासारख्या दमट किनारी हवेत खोबऱ्यातील जलांश सु. ६ टक्क्यांपर्यंत न उतरविल्यास बुरशी वाढते व तिच्यातील लायपेज या एंझाइमामुळे मुक्त वसाम्ले वाढतात. उत्प्रेरकाच्या हानीचा प्रारंभ अशा रीतीने खोबरे वाळवितानाच होतो.

पाणी व इतर अशुद्धी : पाण्यामुळे एस्टरांचे जलीय विच्छेदन होऊन नवी मुक्त वसाम्ले निर्माण होतात. फॉस्फोलिपिडांमुळे पायस टिकून राहते. कॅल्शियम ऑक्साइडासारख्या घन उत्प्रेरकाचे पृष्ठ डिंकासारख्या द्रव्यांनी झाकले जाते, तर मुक्त वसाम्लांमुळे त्यातील कॅल्शियम साबणरूपाने निघून जाते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व बाष्प यांमुळेही त्याची क्रियाशीलता घटते.

उपाय : खोबरेल खाद्य व महाग असल्याने कोकणात इंधनासाठी उंडी व करंज यांची अखाद्य तेले अधिक योग्य ठरतात. तथापि उंडीच्या कच्च्या तेलात रेझिने असतात आणि मुक्त वसाम्ले कित्येकदा २० टक्क्यांहून अधिक असतात. अशा तेलातील डिंक प्रथम फॉस्फोरिक अम्लाने काढतात. नंतर सल्फ्यूरिक अम्ल व मिथेनॉल यांच्या साहाय्याने मुक्त वसाम्लांचे एस्टरीकरण करतात. त्यात निर्माण झालेले पाणी व उरलेले अम्ल काढून, मुक्त वसाम्ले सु. १ टक्क्याखाली आल्यावरच क्षारकीय उत्प्रेरक घालतात. स्वस्त तेलाचे खरे मूल्य ठरविताना या पूर्वसंस्कारांचा खर्च त्यात मिळवावा लागतो.